अर्धी गोळी आणि राजेंचा पॉज

बुटांच्या दुकानात माणसाला होऊन होऊन काय होणार? फार तर बूट चावेल. पण तिला तिथे मरण आलं. म्हणजे आलं नाही, येऊन समोरच्या स्टुलावर बसल्यासारखं वाटलं. डाव्या पायात नवा बूट चढवून ती आरशात तिरकी बघत होती. "चालून बघा ना, बाई, चालल्याशिवाय बूट कळत नाही," हे सगळेच दुकानदार म्हणतात ते इथला दुकानदार तिलाही म्हणत होता. ती जरा चालली आणि छातीत कुणीतरी आतून दार ठोठावायला लागलं. आधी सभ्यपणे, मग पोलीस आल्यासारखं. बोटांना मुंग्या, तोंड कोरडं, आरशातली बाई लांब लांब जाणारी. आपण आता इथेच, एका बुटावर, मरणार आणि वहिनी म्हणणार, "बूट घ्यायला कशाला गेल्या होत्या, घरात होते की," एवढं सगळं तिला त्या घाईतही सुचलं. ती बाहेर पडली. रस्ता ओलांडून, बसस्टॉप मागे टाकून, बँकेच्या पायरीवर येऊन टेकली तेव्हा तिला दिसलं, की डाव्या पायात दुकानाचा बूट आहे, उजव्या पायात काहीच नाही, आणि आपण जिवंत आहोत. यातल्या शेवटच्या गोष्टीचं तिला सगळ्यात अवघडल्यासारखं झालं. मरणार म्हणून पळालेल्या माणसाने निदान मरावं तरी. नाहीतर ती सरळसरळ चोरी होते.

बूट परत करायला दुसऱ्या दिवशी वहिनी गेली आणि तिची जुनी जोडी पिशवीतून घेऊन आली. तिने विचारलं, "काय सांगितलंत?"

"सांगितलं, आमच्या वन्सं नाटकात असतात."

"मग?"

"तो म्हणाला, असं होय, मग ठीक आहे."

नाटकात असतात हे खरं होतं, पण प्रेक्षकांपैकी एकाही माणसाने तिला कधी पाहिलेलं नव्हतं. ती प्रॉम्प्टर होती. उजव्या विंगेत, पडद्याच्या दोरांमागे, एका बिनहाताच्या खुर्चीवर, मांडीवर संहिता आणि हातात छोटी बॅटरी घेऊन बसणारी बाई. नट अडखळला की त्याला पुढचा शब्द द्यायचा, एवढंच काम. पण तो असा द्यायचा की नटाला मिळावा आणि पहिल्या रांगेला मिळू नये. मुख्य नट राजेंनी तिचं नाव कुजबुजे ठेवलं होतं, आणि कंपनीतल्या नव्या मुलामुलींना ते तिचं खरं आडनाव वाटायचं. एका नटीने लग्नाची पत्रिकासुद्धा त्याच नावाने पाठवली होती. या धंद्याची सुरुवात कुठे झाली असं कुणी विचारलं तर ती शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेचं सांगायची. तिचा धाकटा भाऊ व्यासपीठावर ‘शिस्त’ या विषयावर बोलताना मधेच दगड झाला, आणि तिने तिसऱ्या रांगेतून त्याला पुढचं वाक्य सांगितलं. ते अख्ख्या सभागृहाने ऐकलं. भावाला उत्तेजनार्थसुद्धा मिळालं नाही, आणि त्याने तिला अजून माफ केलेलं नाही. कुजबूज करायला ती त्यानंतर शिकली. पण ही झाली लोकांना सांगायची सुरुवात. खरी सुरुवात निराळी होती. वडील दम्याने आजारी असताना दुपारी ते झोपले की त्यांच्याजवळ बसायचं काम तिच्याकडे होतं. आई म्हणायची, "नुसती बैस, पुस्तक वाच." ती पुस्तक उघडायची आणि ऐकत राहायची. एक श्वास आत, एक बाहेर, मग काहीच नाही. त्या ‘काहीच नाही’मध्ये ती आपलाही श्वास धरून बसायची, आणि सहन होईनासं झालं की हाक मारायची, "बाबा!" वडील दचकून उठायचे आणि वैतागायचे, "अगं, झोपेत तरी जगू दे की!" पुढे ते चांगले म्हातारे होईपर्यंत जगले. डॉक्टरांनी औषधाला श्रेय दिलं, आईने देवाला दिलं. ती कुणाला बोलली नाही, पण आपल्या पहाऱ्याचा हिस्सा या दोघांनी परस्पर वाटून घेतला असं तिला मनातून वाटत राहिलं.

बुटाच्या प्रकारानंतर ती ज्यांच्याकडे गेली त्या डॉक्टरीणबाई वयाने इतक्या लहान होत्या की त्यांच्यापुढे आजारी असणं तिला जरा लाजिरवाणंच वाटलं. त्यांनी ईसीजी पाहिला, रक्ताचे रिपोर्ट पाहिले, बुटाची हकिगत मात्र सगळ्यात लक्ष देऊन ऐकली. असं आधी कधी? झालं होतं की. लिफ्टमध्ये एकदा, भाचीच्या बारशाच्या दिवशी एकदा, आणि विंगेत तर इतक्या वर्षांत कितीदा तरी. पण विंगेतल्याला ती काम म्हणायची. डॉक्टरीणबाईंनी दोन गोळ्या लिहिल्या. एक रोजची. ती हळूहळू काम करील, काही आठवडे तरी तिच्याकडून अपेक्षा ठेवू नका. दुसरी छोटी, मधोमध रेघ असलेली. ती रेघेवर मोडून अर्धी घ्यायची, तीही थोडे दिवस, आणि मी सांगेन तेवढीच. हिची सवय लागते, म्हणून वाढवायची नाही, आणि मनाने एकदम बंदही करायची नाही. आणि कुणाला द्यायची नाही. "कुणी मागितली तरी नाही," त्या म्हणाल्या. तिला गंमत वाटली. लोक काय काय मागतात एकमेकांना!

पहिली अर्धी गोळी तिने स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी उभं राहून घेतली आणि काय होतंय ते बघत बसली, दूध उतू जाईल म्हणून बघतात तसं. काहीच झालं नाही. मग वहिनीने मिक्सर लावला आणि ती दचकली नाही. इतकंच. पण या ‘इतकंच’ने ती चाटच पडली. मिक्सरचा आवाज आला, कानात शिरला, आणि बसला. एरवी आवाज आला की तिच्या आत एक माणूस धावत दारापर्यंत जाऊन यायचा. आज तो कुठे गेला? ती गच्चीत गेली. समोरच्या इमारतीत एक माणूस खिडकीच्या बाहेर पाय टाकून काच पुसत होता. काल हे पाहिलं असतं तर तिने डोळे मिटून मनातल्या मनात त्याला धरून ठेवलं असतं. आज ती पाहत राहिली. त्याचं फडकं निळं होतं. तो काच पुसून झाल्यावर तिच्यात बघून केस सारखे करत होता. मनातल्या मनात कुणीही धरलेलं नसताना तो व्यवस्थित आत गेला. तिने आजवर किती माणसं, किती छपरं, किती पूल असे धरून ठेवले होते, आणि बघा, सोडून दिलं तरी कुणाचं काही अडत नव्हतं! तिला हलकं वाटलं, आणि त्याखाली अगदी बारीक अपमानही वाटला. घरातही फरक पडला. भावाने लाइटबिलावरून बोलायला सुरुवात केली तेव्हा ती "बरं" म्हणाली. तो थांबला, वाट पाहिली, आणि बिल घेऊन निघून गेला. वहिनी म्हणाली, "वन्सं, तुम्ही हल्ली भांडत नाही. घरात पाहुणे आल्यासारखं वाटतं." झोप मात्र दुपारीही यायला लागली, आणि जिभेला सगळंच जरा लांबून लागायचं. पण हे चालण्यासारखं होतं. प्रश्न एकच होता, आणि तो राजेंच्या पॉजचा होता.

राजेंचा पॉज सगळ्यांना माहीत होता. राजे म्हणजे कंपनीचे जुने मुख्य नट; कधीकाळी एका नाटकात राजा झाले होते, नाटक पडलं, नाव राहिलं. आताच्या नाटकात ते निवृत्त न्यायाधीश होते. शेवटच्या अंकात त्यांची मुलगी त्यांच्यासमोर उभी राहून विचारते, "बाबा, त्या खटल्यात तुम्ही जाणूनबुजून चुकीचा निकाल दिलात?" यावर न्यायाधीश काही बोलत नाहीत. नुसते बसून असतात. थिएटरमध्ये एक टाचणी पडत नाही, पडली तरी लाजते. आणि मग ते म्हणतात, "हो. पाणी दे." या मधल्या शांततेवर परीक्षणं लिहिली गेली होती. एकाने लिहिलं होतं की त्या शांततेत एका माणसाचं सगळं आयुष्य तपासून निघतं. खरी गोष्ट दोघांनाच ठाऊक होती. पहिल्याच प्रयोगाला राजे ते वाक्य विसरले होते. साफ. तिने पहिल्यांदा शब्द दिला तो त्यांना ऐकूच गेला नाही. दुसऱ्यांदा देताना तिचा आवाज घशातच वाळला. छाती धडधडत होती, कपाळ भिजलं होतं, आणि अगदीच सहन होईना तेव्हा तिच्या तोंडून निसटलं, "हो." राजे म्हणाले, "हो. पाणी दे." टाळ्यांनी थिएटर कोसळलं. दुसऱ्या प्रयोगाआधी राजे तिच्याजवळ येऊन म्हणाले, "कुजबुजे, ते वाक्य मला टॅक्सीतही पाठ आहे. पण तिथे मी ते जवळ ठेवणार नाही. तुझ्याकडे ठेवतो. काल दिलंस तसंच दे." तेव्हापासून प्रत्येक प्रयोगाला ते खरोखर रिकामे होऊन बसत, आणि ती ‘हो’ म्हणेपर्यंत बोलत नसत. आता यात हिशेब असा होता, की पॉज किती लांबायचा हे राजेंच्या हातात नव्हतं, दिग्दर्शकाच्या हातात नव्हतं. ते तिच्या छातीच्या हातात होतं. तिला असह्य झालं की पॉज संपे. गेली कित्येक वर्षं लोक तिकीट काढून तिची भीती ऐकायला येत होते आणि टाळ्या राजेंना देऊन जात होते. तिची तक्रार नव्हती. मोठ्या माणसाच्या घरात आपली एक खुर्ची असावी, तसं तिला ते वाटे.

गोळी सुरू झाल्यावरचा पहिला प्रयोग एका दुपारी होता. शेवटचा अंक आला. मुलगी झालेल्या नटीने प्रश्न विचारला. शांतता पडली, आणि ती शांततेत बसली. बसली म्हणजे खरोखर बसली, आरामखुर्चीत बसावं तशी. काय काय होतं त्या शांततेत! वरच्या दिव्यांची बारीक गुणगुण होती. बाल्कनीत कुणीतरी खोकला दाबत होतं, आणि दाबलेला खोकला उघड्या खोकल्यापेक्षा किती करुण असतो! रंगमंचाच्या फळ्या दिव्यांनी तापून पडद्यामागे एकेक बोट मोडत होत्या. दोरांना तेलाचा वास होता. इतकी वर्षं दोरांशेजारी बसून तिला तो पहिल्यांदा आला. छाती आपल्या जागी होती. ती वाट बघत होती, की आता सहन होईनासं होईल आणि मग मी शब्द देईन. पण सहन होत होतं. उलट छान वाटत होतं. तिच्या वडिलांच्या दोन श्वासांमधली ती जागा अशी होती तर! इतकी प्रशस्त, इतकी निरुपद्रवी. आपण तिथून उगाच हाका मारत पळत होतो. ती या विचारात असताना राजेंनी मान वळवली. आजवर कधीही, कुठल्याही नाटकात, राजेंनी विंगेकडे पाहिलं नव्हतं. ते त्यांच्या लेखी खालच्या दर्जाच्या नटांचं काम. आज त्यांनी पाहिलं. त्यांचे डोळे अंधारात तिला शोधत होते, आणि दोरांना, खुर्चीला, बॅटरीच्या ठिपक्याला जणू विचारत होते. ती भानावर आली. "हो," ती म्हणाली. "हो," राजे म्हणाले. पाणी मागायला विसरले. नटीने आपल्या बुद्धीने पाणी आणून दिलं.

टाळ्या नेहमीपेक्षा जास्त झाल्या, आणि तिथेच गोची झाली. मॅनेजर मेकअप रूममध्ये नाचत आला. "राजे, आज काय थांबलात हो! आणि ती मान वळवली! माझ्या अंगावर काटा आला. पुढच्या रविवारी चित्रीकरणाला हेच पाहिजे. कॅमेरा त्या बाजूला लावायला सांगतो." राजे आरशात बघून मिशी काढत होते. मॅनेजर गेल्यावर त्यांनी अर्धी मिशी तशीच ठेवून तिच्याकडे तोंड केलं.

"मारायला निघाली होतीस का मला?"

"चुकलं, राजे."

"चुकतं ते शब्दात. शब्द चुकीचा दे, मी सांभाळून घेतो. तू तर दिलाच नाहीस! झोपली होतीस?"

"नाही. जागीच होते. फार जागी होते."

"मग?"

मग तिने सांगितलं. बूट, डॉक्टरीणबाई, रेघेवर मोडायची गोळी, सगळं. राजे ऐकत होते. बुटापाशी हसले, गोळीपाशी हसणं थांबलं.

"म्हणजे तुला आता भीती वाटत नाही."

"वाटते. पण ती उंबऱ्याबाहेर उभी असते. आत येत नाही."

"आणि माझं काय?" राजे म्हणाले. इतक्या सरळपणे म्हणाले की तिला राग येईना. "कुजबुजे, मला आजवर कधी स्टेजवर भीती वाटली नाही, हे सगळ्या दुनियेला ठाऊक आहे. का वाटली नाही? तिथे तू होतीस. तुझ्याकडे ते खातं होतं. आता तू ते बंद करून टाकलंस आणि मला साधी नोटीससुद्धा नाही." मग आवाज उतरवून म्हणाले, "रविवारी घेऊ नकोस ती. एक दिवस. चित्रीकरण आहे, माझ्यामागे तेवढंच राहणार आहे. पुढे काय वाटेल ते घे, डबाभर घे."

तिने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. घरी येताना बसमध्ये ती या मागणीकडे दोन्ही बाजूंनी बघत राहिली. राजेंचं वय झालं होतं. नवं नाटक त्यांना झेपणार नव्हतं. हा पॉज हीच त्यांची उरलेली इस्टेट, आणि त्या इस्टेटीच्या किल्ल्या तिच्या छातीत. गोळी चुकवली तर विंगेत पुन्हा ते सगळं होणार, मुंग्या, कोरडं तोंड, लांब लांब जाणारं जग. ते तिने आजवर सोसलं होतं, आणखी एकदा सोसता आलं असतं. पण एक नवीनच अडचण झाली होती. ती त्या शांततेत एकदा आरामात बसून आली होती. तिथे आणखी काय काय आहे हे तिला बघायचं होतं. बघण्याची ही हाव तिला नवी होती आणि जरा निर्लज्ज वाटत होती, दुसऱ्याच्या घरी जाऊन कपाटं उघडावीत तशी. शिवाय दुसरा एक प्रश्न होता, आणि तो घेऊन ती शुक्रवारी डॉक्टरीणबाईंकडे गेली.

"गोळी घेतल्यावर जी शांत बाई असते," ती म्हणाली, "ती मी असते की गोळी असते?"

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "ते मला खरंच माहीत नाही. मला एवढंच ठाऊक आहे की तुम्ही एक बूट घालून बँकेपर्यंत पळालात. ती तुम्ही होतात का?"

"होते."

"नक्की?"

ती विचारात पडली. पळणारी बाई आपण, याची तिने आजवर कधी पावती मागितली नव्हती. पळणारी जुनी म्हणून खरी, आणि बसणारी नवी म्हणून खोटी, हा कुठला न्याय? एक दिवस सोडली तर चालेल का, असं तिने विचारलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कमी करायची ती मी ठरवीन आणि हळूहळू ठरवीन. एखाद्या दिवशी जास्त भीती वाटावी म्हणून गोळी सोडायची आहे, असं सांगणारा पेशंट मात्र मला पहिलाच भेटला. "कुणाला पाहिजे आहे तुमची भीती?" त्यांनी विचारलं. तिने सांगितलं नाही. राजेंची अब्रू होती. पण प्रश्न बरोबर जागी लागला होता, आणि जिन्यातून उतरताना तो तिच्या सोबत उतरला.

रविवारी दुपारी तिने गोळी रेघेवर मोडली, अर्धी घेतली, आणि थिएटरवर गेली. तिसरी घंटा झाली. राजे जाता जाता विंगेत थांबले. "घेतली नाहीस ना?" ते पुटपुटले. ती उत्तर द्यायच्या आत त्यांच्या एन्ट्रीचं संगीत सुरू झालं, आणि नट संगीताचा गुलाम असतो. ते गेले. अंकामागून अंक नीट गेले. कॅमेरावाले मांजरासारखे फिरत होते. एका नव्या नटाला तिने दोन शब्द दिले, ते त्याने तिसऱ्याच भावनेत म्हटले, पण म्हटले. मग मुलगी उभी राहिली. "बाबा, त्या खटल्यात तुम्ही जाणूनबुजून चुकीचा निकाल दिलात?"

शांतता पडली. तिने बॅटरी विझवली. संहितेची गरजच नव्हती. आजवर ती त्या पानावर नजर रोवून बसायची ती शब्दासाठी नव्हे, कुठेतरी रोवायची म्हणून. आज नजर मोकळी होती, आणि मोकळी नजर जाते कुठे, तर माणसाकडे. ती राजेंकडे बघायला लागली. इतकी वर्षं ती त्यांच्यापासून हाकेच्या अंतरावर बसत होती, आणि हा पॉज चालू असताना राजे कसे दिसतात हे सबंध शहराने पाहिलं होतं, तिने सोडून. ते शांत दिसत नव्हते. पुढून दिसत असतील. परीक्षणं पुढे बसून लिहितात. बाजूने त्यांच्या कानशिलावरची शीर उडत होती. मानेवर, रंग संपतो तिथे, घाम फुटला होता. उजवा अंगठा खुर्चीच्या हातावर घासत होता, तीच तीच जागा, आणि तिथलं पॉलिश गेलं होतं. म्हणजे हे आजचं नव्हतं. तिला नवल वाटलं. भीती न वाटणारा माणूस तो हा! यांनी आपल्याकडे ठेवायला दिलं होतं ते वाक्य होतं, भीती तर त्यांच्याकडेच होती, तिच्याइतकीच, कदाचित काकणभर जास्त. आणि एकाच अंधारात दोन माणसं एकमेकांना पत्ता न लागू देता एकच काम करत होती. केवढी ही उधळपट्टी! शब्द जिभेवर तयार होता. आता द्यावा, बिचाऱ्यांना सोडवावं, असं तिला वाटलंही. पण ते भ्यालेलं तोंड इतकं खरं होतं, की न्यायाधीशाचं तोंड याहून निराळं असूच शकलं नसतं. ती थांबली. आजवर ती स्वतःला सहन होईल तोवर थांबायची. आज पहिल्यांदा ती त्यांना सहन होईल तोवर थांबली होती, आणि त्यासाठी त्यांच्याकडे बघत राहावं लागत होतं, एक क्षणही नजर काढून चालत नव्हतं. नटीने हातातली पदराची घडी उलगडली. मागे कुणीतरी खुर्चीत सरकलं. मग राजेंचा अंगठा थांबला. खांदे उतरले. ओठ हलले, आवाज नाही आला, पुन्हा हलले.

"हो," राजे म्हणाले. "पाणी दे."

तिने तोंड उघडलं नव्हतं.

मेकअप रूममध्ये हारतुरे, फोटो, मॅनेजरचे आनंदाश्रू, कॅमेरावाल्यांचे नमस्कार असं सगळं पार पडलं. दोघंच उरल्यावर राजे खुर्चीत रेलले. मिशीचा गोंद ओलावून ते खूश होऊन म्हणाले, "आज कसा बरोबर दिलास! तसूभर इकडे नाही, तिकडे नाही. बघ, मी म्हटलं नव्हतं? गोळी नाही म्हणजे नाही."

इथे गप्प बसणं सोपं होतं. गप्प बसली असती तर तिची खुर्ची, तिचं काम, राजेंचा भरवसा, सगळं जागच्या जागी राहिलं असतं, आणि पुढच्या प्रयोगाला त्यांना पुन्हा तोच शब्द ऐकू आला असता, तिने दिला तरी आणि न दिला तरी. खरं सांगितलं तर प्रॉम्प्टरची गरज काय, हे ती आपल्याच तोंडाने सांगणार होती. ती घाबरायची वाट बघत थोडी थांबली. भीती उंबऱ्याशी आली, उभी राहिली, आत डोकावली.

"राजे, गोळी घेतली होती," ती म्हणाली. "आणि शब्द मी दिला नाही."

"दिलास. मी ऐकला."

"मी बोललेच नाही."

"अगं, मी ऐकला ना! तुझाच आवाज."

"असेल. पण तोंड माझं नव्हतं."

राजे हसायला गेले. हसू अर्ध्यावर आलं आणि मिशीसारखं लोंबत राहिलं. त्यांनी आरशात पाहिलं, मग तिच्याकडे, मग पुन्हा आरशात, जणू तिथे तिसरं कुणी सापडेल. हात मांडीवर ठेवले. "म्हणजे मी तिथे एकटा होतो," ते हळूच म्हणाले.

"एकटे कसे? मी बघत होते."

"काय बघत होतीस?"

"घाबरला होतात."

ते रागावतील असं तिला वाटलं. ते रागावले नाहीत. त्यांनी दाराकडे पाहिलं, दार लावलेलं आहे याची खात्री केली, आणि खुर्ची तिच्याकडे ओढून घेतली. "दिसतं?" त्यांनी विचारलं. "पुढून?"

"पुढचं मला काय माहीत? बाजूने दिसतं."

"ती गोळी..." राजे म्हणाले आणि घुटमळले. "एखादी असेल तर..."

"मिळणार नाही. डॉक्टरीणबाईंकडे चला, मी येते बरोबर. लहान आहेत, पण ऐकून घेतात."

"छे छे. सहज आपलं विचारलं." ते उठले, खुंटीवरचा शर्ट काढला, उलटा घातला, पुन्हा काढला. "आणि शब्द द्यायचा नसेल तर तू तिथे बसून करणार काय?"

"बघणार. इतकी वर्षं राहूनच गेलं होतं."

राजेंनी शर्टाची बटणं लावली. शेवटचं बटण लावताना पाठमोरे राहूनच त्यांनी विचारलं, "घाबरलेला... म्हणजे अगदीच वाईट दिसत नव्हतो ना, कुजबुजे?"

"आज नवल करण्यातच वेळ गेला," ती म्हणाली. "पुढच्या प्रयोगाला नीट बघून सांगते."